हिरव्या बुडाची सहा रोपं

बसवनगुडी, बंगळूर
२२ सप्टेंबर १९९६

चि. महानंदा,

पाकिटावरचं अक्षर तू लगेच ओळखलं असशील आणि पत्र दोन दिवस फ्रिजवर तसंच ठेवलं असशील. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. तुम्ही बेळगावला गेलात त्याला दोन वर्षं आणि तीन महिने झाले. सणावाराला दोघे भाऊ फोनवर बोलतात. आपण दोघी जावा आपापल्या घरात फोनपासून चार पावलांवर उभ्या असतो. ह्यांच्या बोलण्यातून मधूनच मला तुझ्या कुकरची शिट्टी ऐकू येते.

लिहायला कारण तसं लहानच आहे. बाराव्या कुंडीत कळी आली.

सासूबाई ज्यांना शेवटपर्यंत 'जोड्याची झाडं' म्हणत राहिल्या, त्या आपल्या स्लिपर ऑर्किडबद्दल लिहिते आहे. आठवतं ना, पहिलं फूल आलं तेव्हा तू हौसेने देवघरात नेलंस, आणि त्यांनी ते तुझ्या हातातून काढून खिडकीत ठेवलं. म्हणाल्या, "ज्याला चपलेचा आकार आहे ते देवाला नाही. दारात शोभेल." त्या दिवसापासून ही फुलं कायम मागच्या पडवीतच राहिली, आणि मागची पडवी आपली राहिली.

एका बोंडातल्या बियांची चोवीस रोपं. काडीने पराग मी लावला, बोंड पिकल्यावर तू ते रुमालात बांधून तुमच्या प्रयोगशाळेत नेलंस, आणि साहेबांना विचारून तिथे केळीची रोपं वाढवतात त्या बाटल्यांशेजारी आपली एक बाटली ठेवलीस. बाटलीतून काढली तेव्हा रोपं मेथीच्या पानाएवढी होती. फुलायला पाच-सहा वर्षं लागतील, असं तू म्हणाली होतीस. मला ते फार लांब वाटलं होतं.

माझ्या वाटणीच्या बारापैकी अकरा गेल्या हिवाळ्यापासून एकेक करून फुलली. बोंड एक, बाटली एक, सगळ्यांना पिंपातलं साठवलेलं पावसाचं पाणी, तरी एक फूल दुसऱ्यासारखं नाही. एक वांग्याच्या सालीच्या रंगाचं. एक बीट उकडलेल्या पाण्यासारखं. एकाचा रंग चिंच लावण्याआधीच्या तांब्याच्या भांड्यासारखा, म्हणजे कुठे लाल, कुठे काळपट, कुठे हिरवट. एकाच्या पाकळ्यांच्या कडेला काळे मस आहेत आणि त्या मसांवर केस. हे म्हणाले, "ही आमच्या आत्यावर गेली." मी हसले आणि सवयीने वळून पाहिलं. तू तिथे नव्हतीस.

बारावं रोप मागे राहिलं होतं. जरा किरकोळ, म्हणून स्टँडच्या कोपऱ्यात सावलीत ढकललेलं. त्याच्या पानांतून परवा कळीचं टोक दिसलं.

तुझ्याकडे फुलं आली का? आणि एक विचारायचं होतं. निघताना ज्या सहा कुंड्या मी तुला नाजूक म्हणून वेगळ्या दाखवल्या होत्या, त्या आहेत ना अजून? असतील तर असू देत. घाई करू नकोस.

भावोजींना नमस्कार. आर्याला पापा. आता दुसरीत असेल.

सौ. सुखदा

•

बसवनगुडी
३ नोव्हेंबर १९९६

चि. महानंदा,

तुझं उत्तर आलं नाही. मी धरूनही चालले नव्हते. दिवाळी आठवड्यावर आली आहे, भाजणी दळून आणली आहे, पण चकली पाडायला दुसरे हात नाहीत. गेल्या वर्षी एकटीने पाडल्या तर यांनी विचारलं, या चकल्या आहेत की सही केली आहेस.

बारावं फूल गेल्या रविवारी उघडलं. त्यासाठीच लिहिते आहे.

ते हिरवं आहे, महानंदा. नुसतं हिरवं आणि पांढरं. वरची मोठी पाकळी पांढरीशुभ्र, तिच्यावर खालून वर जाणाऱ्या हिरव्या रेघा, वहीचं पान आखल्यासारख्या. पुढची झोळी कोवळ्या कैरीच्या आतल्या रंगाची. जांभळ्याचा कुठे ठिपका नाही, मस नाही, केस नाहीत. अकरा गडद बहिणींच्या मागे हे उभं आहे आणि स्टँडवर सगळ्यात आधी तेच दिसतं. कळी हिरवीच वाढत होती तेव्हा मला वाटलं, रंग उघडल्यावर भरेल. आठ दिवस झाले, भरला नाही. आता मी त्याची वाट पाहणं सोडलं आहे. आता मी नुसती बघते.

चामराजपेटेहून व्यंकोजींना बोलावलं. पहिल्या दोन कुंड्या आपल्याला त्यांनीच दिल्या होत्या, तेव्हा नातवंडं बघायला बोलावल्यासारखंच झालं. म्हातारा आता वाकला आहे, पण दोन्ही हात पाठीमागे बांधूनच फुलाजवळ जातो. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "दोन काळ्यांच्या पोटचं हिरवं. आजी-पणजीत कुठेतरी असतं, चारात एखाद्यात वर येतं. असं दुसरं आणू म्हणाल तर मिळायचं नाही, अक्का. याच्याच बुडाला फुटवा आला तर तेवढं."

मी विचारलं, पण पहिलं फूल जरा लहान आहे, एक पाकळी वळली आहे.

"पहिल्या फुलाला नाव ठेवू नये. स्वल्प थांबा. तिसऱ्या वेळेला झाड खरं बोलतं."

म्हणून तुला कळवते की मी निघताना जे सांगितलं होतं ते विसर. त्या सहा रोपांना पहिलं फूल फिकं आलं तर जागा अडवू नकोस, कुणाला तरी देऊन टाक, असं मी म्हणाले होते. मला तेव्हा पुरतं माहीत नव्हतं. ऐकीव गोष्टीवर बोलले. वाटणीसुद्धा मी हाताला लागतील तशा कुंड्या मांडून केली होती, त्यामुळे कुणात काय असेल ते सांगता येत नाही. तुझ्या सहांतही असं एखादं असू शकतं. तेव्हा ठेव.

दोन ओळी टाक. पोस्टकार्डही चालेल.

सुखदा

•

बसवनगुडी
२८ नोव्हेंबर १९९६

प्रिय महानंदा,

दिवाळीच्या फोनवर भावोजी यांना म्हणाले की डिसेंबर अखेरीला तुम्ही दुसऱ्या जागेत जाताय, तिथे गॅलरी अगदी चिंचोळी आहे, आणि तू कुंड्या वाटायला काढल्या आहेस. काही शेजारी, काही आर्याच्या शाळेत. "चांगल्या तेवढ्या ठेवणार म्हणते," असं ते म्हणाले. मी यांच्या हातातून फोन घेतला आणि तुला बोलवायला सांगितलं. तू स्वयंपाकात होतीस.

म्हणजे आता आडवळणाने लिहिण्यात अर्थ नाही. मागच्या पत्रात मी दोन गोष्टी खोट्या लिहिल्या. मला माहीत नव्हतं, हे खोटं. आणि हाताला लागतील तशा कुंड्या मांडल्या, हे त्याहून खोटं.

तुमचं सामान जायच्या आठवडाभर आधी मी लालबागेच्या बाजूला गेले होते, तिथे व्यंकोजी भेटले. बोलता बोलता म्हणाले, रोप फुलायच्या आधीच रंग ओळखता येतो. पानं जिथे एकमेकांतून निघतात तिथे अगदी बुडाशी बघायचं. जांभळे ठिपके असले की फूल गडद, बूड स्वच्छ हिरवं असलं की फूल फिकं. मी एवढंच ऐकलं. फिक्याची किंमत काय, हे विचारायचं मला सुचलंच नाही. आधीच्या वर्षी प्रदर्शनात बक्षीस मिळालं होतं ते जवळजवळ काळ्या फुलाला, आणि माझ्या डोक्यात काळं म्हणजे चांगलं हे पक्कं बसलेलं.

वाटणीच्या दिवशी सकाळी तू म्हणालीस, "अक्का, तुम्हीच लावा. तुमच्या हातून कमी-जास्त व्हायचं नाही." हे वाक्य मला शब्दाशब्दाने पाठ आहे. मग तू ट्रंकेत कपडे भरायला आत गेलीस आणि मी सासूबाईंचं पोथी वाचायचं भिंग घेऊन पडवीत बसले. एकेक कुंडी कलती केली, पानं बाजूला केली, बुडं पाहिली. चोवीसांत अठरा जांभळी निघाली, सहा हिरवी. त्यातली ठसठशीत जांभळी बारा मी माझ्या बाजूला लावली. उरलेली सहा जांभळी आणि सगळी हिरवी तुझ्या बाजूला. आणि तुला संशय येऊ नये म्हणून वर ती नाजूक असल्याचं सांगितलं. पोथीच्या भिंगाने मी हे केलं. सासूबाई असत्या तर त्यांनी ते भिंग पुन्हा डोळ्याला लावलं नसतं.

मग दुपारी घंगाळावरून बोलणं झालं. तांब्याचं घंगाळ मला नको होतं गं. आजही ते माळ्यावर पालथं पडलं आहे. पण ज्याचं आपण काही लुबाडलेलं असतं त्याच्यातच दोष शोधावासा वाटतो, म्हणजे आपलं ओझं हलकं होतं. मी म्हणाले, "आठ वर्षं या घरात पाहुणीसारखी राहिलीस, आता घरच्या वस्तूंवर हक्क सांगतेस?" तू हातातलं घंगाळ खाली ठेवलंस. तुझ्या बांगड्या काठावर वाजल्या, तेवढाच आवाज.

पाहुणी तू कधीच नव्हतीस. सासूबाईंचं शेवटचं दुखणं तूच काढलंस, त्यांना माझा हात खरखरीत लागायचा.

आणि का केलं, हे विचारशील. झाडांसाठी नाही. आर्या इथे जन्मली. पडवीतल्या त्या स्टँडला धरून उभं राहायला शिकली. सकाळी दूध प्यायला माझ्याच मांडीवर यायची, हे तू चालवून घेतलंस, दुसऱ्या कुणी घेतलं नसतं. तुमचं सगळं तुमच्याबरोबर जाणार होतं, ते बरोबरच होतं. मला वाटलं, निदान काळी फुलं तरी माझ्याकडे राहू देत. इतक्या मूर्खपणाचं दुसरं कारण माझ्याजवळ नाही.

आता व्यंकोजींकडून कळलं की हिरव्या बुडाचंच रोप दुर्मीळ असतं. मी निवडून निवडून तुला ती सहा दिली आणि टाकून दे म्हणून सांगितलं. सातवं नव्हतंच, मग हे एक माझ्याकडे कसं राहिलं ते कळत नाही. भिंगातूनही चुकले असेन. चोरीसुद्धा मला धड जमली नाही.

तू माझ्याशी बोलू नकोस, चालेल. पण ती सहा रोपं कुणाला देऊ नकोस. दिली असशील तर परत माग. पानं बाजूला करून बुडाशी बघ, जिथे ठिपका नाही ते ठेव. गॅलरी लहान असली तर खिडकीत ठेव, उन्हाची तिरीप नको, उजेड पुरे. ती तुझी आहेत.

इथे रस्त्यावर भुईमुगाची पोती यायला लागली आहेत, पंधरा दिवसांत शेंगांची जत्रा. तुझ्याशिवाय मी दोन वर्षं शेंगा आणल्या नाहीत. यांना सांगते, पचत नाहीत.

सुखदा

•

बसवनगुडी
८ जानेवारी १९९७

प्रिय महानंदा,

तुझं पत्र आलं त्याला तीन आठवडे होतील. उत्तर द्यायला उशीर झाला कारण रोज ते वाचत होते. यांनी शेवटी विचारलं, काय मोठा ग्रंथ आलाय. मी त्यांच्या हातात दिलं. दीडच पान, पण त्यांनीही दोनदा वाचलं, आणि मग चष्मा पुसत बसले.

तू लिहिलंस, "तुम्ही भिंग घेऊन बसलात तेव्हा मी मागच्या दारात उभी होते. ट्रंकेची किल्ली विचारायला आले होते." म्हणजे अडीच वर्षं मी जे लपवत होते ते तू पहिल्या दिवसापासून पाहिलेलं होतंस.

आणि पुढे: "केळीच्या बाटल्या धुतल्या तरी चार वर्षं प्रयोगशाळेत काढली आहेत, अक्का. हिरवं बूड म्हणजे काय ते मला माहीत होतं. बोलले असते तर तुम्हाला मान खाली घालावी लागली असती, आणि माझी सहा रोपंही गेली असती. दोन्ही कारणं खरी आहेत. आधी कुठलं मनात आलं, ते मलाही सांगता येत नाही." इथे मी पत्र मांडीवर ठेवलं आणि हसले. पुष्कळ दिवसांनी एकटी असताना हसले. मी तुला फसवते आहे असं समजून मी सगळं चांगलं तुझ्या पदरात घालत होते, आणि तू दारात उभी राहून मला घालू देत होतीस. सासूबाईंना दोन सुना मिळाल्या त्या अशा.

पण त्याच्या खालच्या ओळीला हसू थांबलं. ती पुन्हा इथे उतरून काढते, तुझ्या वाक्याची खात्री व्हावी म्हणून. "घंगाळाचं बोलणं झाल्यावर तुम्ही चहा टाकायला आत गेलात. तेव्हा मी माझ्यातलं एक हिरवं तुमच्या ओळीत ठेवलं आणि तुमचं एक काळं उचललं. तुम्ही पाहुणी म्हणालात. पाहुणीने जाताना घरातल्याच्या हातावर काहीतरी ठेवून जायचं असतं."

महानंदा, आपल्याकडे ते लेकरांच्या हातावर ठेवतात. मी सेहेचाळिशीला आले. इतक्या वर्षांत माझ्या हातावर कुणी काही ठेवलं नव्हतं.

राग आला होता म्हणून ठेवलंस की माया म्हणून, ते मी विचारत नाही. तू मला तीन पत्रं लिहायला लावलीस, त्यावरून दोन्ही असणार. "पहिल्या दोन पत्रांत तुम्ही अजून खरं बोलत नव्हता, म्हणून थांबले," असं तू लिहिलंस, ते बरोबर केलंस. व्यंकोजींना हे सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलवली असती, "सरी, सरी," म्हणत.

तू वाटून टाकल्यास त्या काळ्या फुलांच्या कुंड्या, हे वाचल्यावर मात्र मी उठून माझ्या अकरा काळ्या मोजून आले. ज्यांच्यासाठी मी हे सगळं केलं, ती आता बेळगावात शाळेच्या ऑफिसबाहेर पाण्याच्या टाकीशेजारी उभी आहेत. असू देत. पोरं बघतील. माझ्या ओळीतून उचललेलं काळं तेवढं तू ठेवलंस, हे लिहायला विसरली नाहीस, हे मीही वाचायला विसरले नाही.

पाचही हिरवी जिवंत आहेत आणि दोघांना कळ्या आहेत, एवढं मला सध्या पुरे. पहिलं फूल लहान येईल, वाकडं येईल. कुणी काही म्हटलं तर ऐकू नकोस. माझं तर मुळीच ऐकू नकोस.

आता एक काम. हिरव्याला स्वतःचाच पराग दिला तर बी धरतं, पण रोपं दुबळी निघतात, असं व्यंकोजी म्हणाले. दुसऱ्या हिरव्याचा हवा. मग पोटची सगळी हिरवीच होतात. म्हणून तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी माझ्या फुलाचा पराग काढून ठेवला. काडीला लागला तसा, बटर पेपरच्या पुडीत, पुडी फोटोच्या रोलच्या डबीत, डबी फ्रिजमध्ये लोण्याच्या मागे. पहिल्या खेपेला तू शेजारी कंदील घेऊन बसल्यासारखी टॉर्च धरून बसली होतीस, या वेळी ती मी दातांत धरली. फूल अजून झाडावर आहे. पराग गेल्याचं त्याला काही वाटलेलं दिसत नाही, फक्त मान जराशी पुढे आली आहे.

तुझी कळी उघडली की आठवडाभर थांब, आणि मग लाव. बोंड धरलं तर पिकेपर्यंत आठ-नऊ महिने. नंतर बाटली, नंतर कुंड्या. मी हिशेब केला, फुलतील तेव्हा आर्या दहावीला असेल. आता मला ते लांब वाटत नाही.

बोंड पिकलं की तू इकडे घेऊन ये. बाटलीचं काम तुझं, साहेब बदलले असले तरी प्रयोगशाळेत तुला ओळखतील. रोपं झाली की वाटणी तू कर. मी स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेईन. भिंग तुझ्याकडे ठेव म्हटलं असतं, पण ते मी देवघरात पोथीवर परत ठेवलं आहे.

संक्रांतीच्या आत पोचावं म्हणून आजच टाकते. पाकिटात दोन पुड्या आहेत. लाल दोऱ्याची आहे तिच्यात हलवा, या वेळी काटा चांगला आला आहे. गोड बोल असं लिहायची पद्धत आहे, ते मी लिहीत नाही. जसं येईल तसं बोल, फक्त बोल. पुढच्या फोनला स्वयंपाकात जाऊ नकोस, मीही जाणार नाही.

पांढऱ्या दोऱ्याची पुडी ती दुसरी, लोण्यामागच्या डबीतली. पाकीट तुझ्या हाताने उघड, आर्याच्या देऊ नकोस. ती हलवा समजून तोंडात टाकेल, आणि मग आपल्याला अजून एक वर्ष थांबावं लागेल.

तुझी,
अक्का